तांदळाची म्हणून दिलेली पेज

साथीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला फसवलं, आणि माझ्या तोंडून तुला फसवलं. वाटीत गव्हाचा रवा होता. तांदूळ आहे म्हणून सांगितलं. नीला, हे आधी लिहून ठेवते, कारण आपल्या गल्लीत सगळे एकच म्हणतायत, पटकीची साथ होती, देवाची मर्जी. देवाची मर्जी असेल. पण ती पेज देवानं शिजवली नव्हती.

तुला मातीत ठेवून आल्यापासून दुकानाच्या फळ्या काढलेल्या नाहीत. गावच्या शुक्रवार पेठेत आपलं भुसार दुकान असं बंद पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. माझे मालक वारले तेव्हासुद्धा मी डोळे पुसून लवकरच तराजूपुढे बसले होते. आता बसवत नाही. भेटायला येणाऱ्या बायका उंबऱ्याबाहेर उभ्या राहतात, पदर नाकाला लावून "लई गुणाची होती हो" म्हणतात आणि घरी जाऊन पाय धुतात. साथीच्या घरात कोण बसणार? मी आत तुझ्या जात्यापाशी बसते. खालच्या दगडाच्या कडेला अजून पीठ आहे. ते मी झाडलेलं नाही.

मला फसवणं सोपं नाही, हे गावभर तूच सांगत फिरायचीस. बाजारात जुने व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात. बाईच्या हाताला रुमालाखाली हात कोण लावणार? म्हणून मी माझे सौदे उघड्यावर केले, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात. मंद्रूपच्या बाजारात मी ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची, तळातले दाणे वर काढून दाताखाली फोडायची आणि समोरच्याला विचारायची, "वरचा माल तुमचा, आन् खालचा कुणाचा?" तू मागे उभी राहून तोंडात पदर कोंबून हसायचीस. घरी आल्यावर माझी नक्कल. कमरेवर हात, मान तिरकी, आवाज फाटका. गिऱ्हाइकांपुढेसुद्धा करायचीस. मी चिडले की म्हणायचीस, "अक्का, तुला फसवणारा अजून आईच्या पोटात हाय."

जन्मला होता गं. डॉक्टरकी शिकून आला होता.

तू लहानपणापासून पोटाची दुखणेकरी. हातपाय काटक्या, पोट नगारा, तोंड सदा आलेलं, केस विंचरले की निम्मे फणीत. आईनं दृष्ट काढली, अंगारा लावला, आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणून, घरात मूठभर गहू आला की तुला पोळी केली. आम्हाला भाकरी, तुला पोळी. आजारी पोरीला चांगलंचुंगलं घालायचं, याच्यापुढे आपल्यासारख्यांना दुसरं काय सुचणार? मी तुझ्या ताटाकडे बघून जळायची. तू पोळी खायचीस आणि वाळत जायचीस.

सासरी केमला दिली तिथंही तेच. सासू वाईट नव्हती. सून अशक्त आहे म्हणून तिनं तुला सकाळचा शिरा लावला. मग सारखी परसाकडे पळणारी, मूल न राहणारी सून कुणाला हवी? त्यांनी तुला केमच्या स्टेशनावर गाडीत बसवून दिलं, आणि परत न्यायला कुणी आलं नाही. मी भांडायला जाणार होते. तू म्हणालीस, "नगं अक्का. त्यांनी मला उपाशी ठेवलं न्हाई. काय म्हणून भांडशील?"

मग मी तुला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, गहू बंद. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, काही नाही, जन्मभर नाही. हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. ज्वारी खा, बाजरी खा, तांदूळ खा. मी विचारलं, "औषध?" त्या म्हणाल्या, "हेच औषध." परतीच्या गाडीत तू हसून हसून बेजार झालीस. "लोकांना डॉक्टर सफरचंद सांगत्यात, मला भाकरी सांगितली. आपली गरिबीच लिहून दिली की!"

आणि त्या भाकरीनं तू उभी राहिलीस. गालाला मांस आलं. वेणी पाठीवर दिसायला लागली. तराजूपाशी बसायला लागलीस, अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की कानडीत असं घोळवायचीस की ते घासाघीस करायची विसरायचं. "ऊटा आतेनु?" हे तुझं पहिलं वाक्य. जेवण झालं का, हे तू सगळ्यांना विचारायचीस. तुला कुणी विचारलं की गप्प व्हायचीस.

गिरणीत ज्वारीमागे ज्वारी लावायची ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. लोक ती चवीसाठी पाळतात, आपल्याला जिवासाठी पाळावी लागे. गिरणीवाल्याशी माझं रोजचं भांडण. "अक्का, चिमूटभर गव्हानं काय हुतंय? उलट भाकरीला चिकटपणा येतोय की!" शेवटी मी त्याच्या गिरणीत पाऊल टाकायचं सोडलं आणि हे जातं आणलं. तुझा तवा वेगळा, परात वेगळी, चाळणीला लाल दोरा. भाकऱ्या थापून, वाळवून, कडक करून मी डबे भरून ठेवायची. मला वाटलं, झालं, जिंकलो. माझं सगळंच तसं. माल घरात आला की सौदा संपला.

पोटाचं जमलं, माणसांचं जमलं नाही. बारशाला, लग्नाला तू आपला डबा घेऊन जायचीस आणि वाढणारीचा चेहरा उतरायचा. "आमच्यातलं चालत न्हाई व्हय? बाटतंय का काय?" भर पंगतीत आतडं कसं समजावून सांगायचं? आपल्याकडे कुणाच्या घरचं नको म्हणणं म्हणजे त्याची जात काढणं. तू समजावून सांगितलंस तरी हसायच्या. "गव्हानं कुणी मरतंय व्हय? न मिळून मरत्यात!" दुष्काळ पडल्यावर तर हे बोलणं आणखी टोचायला लागलं. रेशनच्या रांगेत गहू मिळतो म्हणून लोक उन्हात उभे, आणि ही बाई गहू नको म्हणते. माज आलाय, असं मागून म्हणायचे. मी वळून काय काय ऐकवलं, ते तू माझा हात ओढून थांबवलंस म्हणून तिथंच थांबलं.

शेजारच्या मल्लम्माच्या लेकीच्या लग्नात तू हुग्गी खाल्लीस. गव्हाची खीर, गुळाची, वर तुपाची धार. मला सांगितलं नाहीस. सकाळी तुझी अवस्था बघून मला कळलं. किती बोलले मी तुला! "दोन घासांसाठी जीव देतीस?"

तू भिंतीला टेकून बसली होतीस, ओठ पांढरे. "दोन घास न्हाईत ते, अक्का. ती वाढायला वाकली, सगळी पंगत माझ्या पानाकडं बघत हुती. किती येळा हात आडवा धरू?"

"धर. मरेपातुर धर."

"म्हंजी मरेपातुर एकटीच जेवू?"

"मी हाय की."

"तू कुटं जेवतीस? ताटावर बसून बी तू भाव करतीस."

मग तू कूस वळवलीस. मला उत्तर सुचलं नाही असं नाही. मला वाटलं, बरी होऊ दे, मग सांगते हिला. मी अजूनही म्हणते की माझंच बरोबर होतं. हात आडवाच धरायला हवा होतास. पण हे मी आता भिंतीला म्हणते आहे, आणि भिंत तुझ्यासारखं उलटून बोलत नाही. भांडण अर्धं टाकून जाणं ही तुझी सवय नव्हती.

दुष्काळाच्या या दुसऱ्या उन्हाळ्यात ज्वारी औषधाला मिळेना. तरी मी तुझी पोती बाजूला काढली होती. कुणी कितीही हात जोडले तरी त्यांची शिवण उसवली नाही. रेशनवर परदेशातली लाल ज्वारी आली, मिलो म्हणायचे तिला. तिची भाकरी थापली की तडकायची. लोक त्यात गव्हाचं पीठ मिसळून चिकटपणा आणायचे. तू तशीच, तडकलेली, तुकडे गोळा करून खायचीस. "सायब लोकांची ज्वारी हाय, नखरा करणारच," म्हणायचीस.

मग पाणी आटलं. टँकर आले, टँकरमागे पटकी आली. ही साथ देशोदेशी फिरते आहे असं पेपरात येत होतं. आपल्या गल्लीत ती कोपऱ्यावरच्या घरातून शिरली. टोचायला माणसं आली, घराघरात चुना टाकला. आणि एका दुपारी तुला उलट्या सुरू झाल्या. ती पटकी होती की तुझं जुनं दुखणं, मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नव्हतं. गाडी आली, तुला उचललं. ज्या बायकांच्या मानासाठी तू पोट जाळून घेतलंस, त्या दारं लोटून फटीतून बघत होत्या.

दवाखान्याच्या फाटकावर माझी भाकरी अडवली. बाहेरचं काही आत जाणार नाही. मी हातवारे केले, ओरडले, माझ्या सगळ्या युक्त्या वापरल्या. नियम म्हणजे नियम. मला तो नियम कळतो, खोटं बोलणार नाही. साथ आहे, बाहेरचं अन्न आत नको. पण मग आतलं काय आहे, ते खरं सांगायला नको का?

सलाईननं तू बरी होत होतीस. हे मी कुणालाही ठासून सांगेन. मागच्या बाजूनं जाळीच्या खिडकीशी मला येऊ देत होते. तू खाटेवर उठून बसलीस, माझ्याकडे बघून मान तिरकी केलीस. आवाज निघत नव्हता, पण नक्कल माझीच होती. मी जाळीला कपाळ लावून हसले. त्या दिवशी मला वाटलं, तू घरी येतेस.

दुसऱ्या खेपेला आयाबाई तक्रार करत होती. "तुमची भैन जेवत न्हाई. वाटी फुडं केली की नुसतं इचारती, गहू हाय का? गहू हाय का? पेज हाय म्हनलं, तरी तोंड फिरवती."

तेवढ्यात डॉक्टर खाटांमधून आले. तरुण पोरगा, दाढी वाढलेली, डोळे लाल. तो किती दमला होता ते मला दिसत होतं. त्याच्या मागे माणसं जमिनीवरही निजली होती. मी जाळीतून विचारलं, "डॉक्टर, पेज कशाची हाय?"

"तांदळाची. कण्यांची."

"बघा हं. गहू तिला सोसत न्हाई. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आतडं तपासून."

"अहो बाई, गव्हानं कुणाला काही होत नाही. पटकी पाण्यातून होते. आणि ही कण्यांची पेज आहे, मी सांगतोय ना? ती आमचं ऐकत नाही. तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल."

मी आत हाक मारली. "नीला, खा. तांदूळ हाय."

"तू इचारलंस?"

"इचारलं."

"मग झालं," म्हणालीस, आणि वाटी तोंडाला लावलीस. तुझी जीभ फोडांनी भरली होती, चव कसली कळणार? पातळ केलेला रवा आणि कणी यांतला फरक धडधाकट माणसालासुद्धा ओळखू यायचा नाही. मी बाहेर उभी राहून तुला संपवताना बघितलं आणि मला बरं वाटलं. अजून थोडी घे, असंही म्हणाले.

त्यानंतर पुन्हा सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, पटकी उलटली. जुलाब थांबेनात म्हणून आणखी हलकं द्यायचं ठरलं, म्हणजे तीच पेज, आणखी पातळ, जास्त वेळा. वर दुधात भिजवलेलं काहीतरी. आणि तू प्रत्येक वेळी खाल्लंस, कारण अक्कानं विचारलं होतं. शेवटी तुझी बोटं वळली, हाक मारली तरी डोळे फिरेनात. सलाईन लागलेलं होतं. त्यातच तू गेलीस.

तुला ताब्यात घ्यायला मला मागच्या दारानं बोलावलं. तिथं स्वयंपाकाची शेड आहे. शेडच्या जवळ आले आणि पाय थांबले. भाजलेल्या रव्याचा वास. आपल्याकडच्या कुठल्या बाईला तो वास सांगावा लागतो? आचारी मोठ्या पातेल्यात ढवळत होता. मी विचारलं, "तांदूळ कुटं हाय?"

"तांदूळ?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "साथ आल्यापासून हितं तांदूळ कुनी बगितलाय? रवा येतोय, बिस्किटं येत्यात. त्याचीच पेज."

मी डॉक्टरांना गाठलं. ते हात धूत होते. त्यांनी नाकारलं नाही, नीला. नाकारलं असतं तर मी तिथंच गोंधळ घातला असता, आणि माझा जीव थोडा मोकळा झाला असता. ते म्हणाले, "ती काही खात नव्हती. नुसत्या पाण्यावर किती ठेवायची? मी तिला खायला लावलं. तीच पेज खाऊन बाकीच्या बऱ्या होऊन घरी गेल्या." हेही खरं होतं. तुझ्या शेजारच्या खाटेवरची बाई माझ्या डोळ्यांदेखत चालत घरी गेली. मी न भांडता मागे वळले. आयुष्यात पहिल्यांदा.

कागदावर पटकी लिहिलं. साथीचं मढं म्हणून आपल्या लिंगायतांच्या रुद्रभूमीत माणसं दूरच उभी राहिली. तुला बसवून पुरायचं, तर धरायलाही कुणी पुढे येईना. मी धरलं. तू इतकी हलकी होतीस की मला राग आला. इतकी वर्षं खपून भरलेलं अंग त्यांनी मला मोकळं करून परत दिलं.

आता तुझ्यामागचं, शिवगणाराधनेचं जेवण आहे. सकाळी मल्लम्मा उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "अक्का, तिच्या आवडीचं करायचं असतंय. हुग्गी करू. आता तिला कशाचं भ्या?" मी जे हाताला लागलं ते तिच्या अंगावर भिरकावलं आणि तिला हाकललं. ती गेल्यावर बसून राहिले. ती चुकीचं काय बोलली? तुला हुग्गीच आवडायची. तुझ्या पानावर हुग्गी वाढायची तर माझा हात चालत नाही. कडक भाकरी ठेवायची, तर तू मेल्यावरही मी तुला तीच घालते आहे. सांग ना गं, काय वाढू? तुझ्या पानाचा निर्णय जन्मभर मीच घेतला, तुला काय हवं ते विचारायचं मला कधी जमलं नाही, आणि आता विचारते आहे.

तुझे आभार मानायचे होते. सासरहून आलीस तेव्हा लोक म्हणाले, अक्काच्या गळ्यात पडली. तू नसतीस तर मी त्या दुकानात पोत्यांसारखीच बसून राहिले असते, बोलायला फक्त भाव उरले असते. घरात कुणी माझ्यावर हसणारं होतं. हे तुला सांगायला हवं होतं. सौदा करणारी माणसं मालाचं कौतुक तोंडावर करत नाहीत. ती खोड इथंही आड आली.

आता थोडी बाजूला हो, नीला. मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

डॉक्टर, तुम्ही दमला होता, मान्य. तुमच्या जमिनीवर माणसं मरत होती, मान्य. माझी बहीण उपाशी राहिली असती तर कदाचित तशीही गेली असती, तेही मानते. पण तुम्ही मला रवा आहे म्हणाला असता, तर मी तिला खरं सांगितलं असतं, आणि खायचं की नाही ते तिनं ठरवलं असतं. आंधळा सौदा मी शत्रूशीसुद्धा कधी केला नाही. तुम्हाला कळलं होतं की ती तुमचं ऐकणार नाही, माझं ऐकेल. तुम्ही माझा शब्द उसना मागून नेलात आणि त्याच्याआड तिला ते पाजलंत. आजही तुमच्या त्या खाटांवर कुणीतरी वाटीकडे बघून विचारत असेल, यात काय आहे. तिला तुम्ही काय सांगता? आणि मला तांदूळ का म्हणालात? कागदावरचं उत्तर नको, देवाचं नको, साथीचं नको. माझ्या दारात या, माझ्याकडे बघा, आणि तुमच्या तोंडानं सांगा.